जगदेवराव बोकड पाळतात

“पाळीन! वाढवीन! आणि खंडेनवमीला ह्या माझ्या स्वतःच्या हातांनी कापीन!”

असं गरजून जगदेवरावांनी उजवा हात उंचावला, तेव्हा त्या हातात मटणाची नळी होती आणि तिच्यातून निघालेला ओघळ कोपरापर्यंत पोचला होता.

प्रसंग साधाच होता. आषाढातला शेवटचा रविवार. आजूबाजूच्या हिंदी घरांत सावन पंधरा दिवस आधीच लागलेला असतो. देवासच्या मराठा घरांत मात्र आपलं पंचांग वेगळं, त्यामुळे खायला पंधरा दिवस जास्तीचे मिळतात. हा पंचांगातला फरक जगदेवराव दरवर्षी मोठ्या अभिमानाने साजरा करत. ते जलसंसाधन खात्यातून निवृत्त झालेले. मिशा भरघोस, आवाज दणदणीत. त्यांचे पणजोबा म्हणे दरबारात शिकारखान्यावर होते. हे वाक्य ते नव्या ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत.

त्या दिवशी मात्र त्यांची एकुलती एक लेक ऋजुता वरणभात घेऊन बसली होती. ती तिथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि दोन महिन्यांपासून तिने मटण बंद केलं होतं.

“बाबा, मी खाऊ नका म्हणतच नाहीये,” ती म्हणाली. “मेरा कहना इतनाच आहे, की जो खातो त्याने एकदा तरी बघावं. तुम्ही बापूभियाच्या मटणाच्या दुकानात जाता ना, तेव्हा पाठ करून उभे राहता. समोरच्या स्टुडिओतले लग्नाचे फोटो बघत.”

“मला फोटोंची आवड आहे.”

“वीस वर्षं तेच फोटो आहेत, बाबा. त्यातल्या नवरीची मुलगी आता माझ्या वर्गात आहे!”

जगदेवरावांची बायको माधवी तोंडाला पदर लावून हसली. तिथेच घोटाळा झाला. नुसती लेक बोलली असती तर त्यांनी सोडून दिलं असतं!

“आम्ही शिकारखान्याची माणसं—”

“तुम्ही?” माधवी म्हणाली. “अहो, मागच्या महिन्यात पिंजऱ्यात उंदीर सापडला, तर तुम्ही स्कूटरवरून त्याला टेकडीपलीकडे सोडून आलात. वर निघताना बिस्कीट दिलंत!”

यानंतर नळी वर गेली आणि ती प्रतिज्ञा झाली. ऋजुतानेही लगेच हात पुढे केला. “तुम्ही स्वतः पाळून स्वतः कापलंत, तर मीसुद्धा ताटाला बसेन. वचन!” माघारीचा रस्ता बंद व्हावा म्हणून जगदेवरावांनी त्याच पावली धारला फोन लावला आणि जानकीबाई आत्यासाहेबांना सगळ्या गोतावळ्यासकट खंडेनवमीच्या जेवणाचं आवतण दिलं. आत्यासाहेब ऐंशीच्या पुढच्या, पण कान शाबूत. “घरचा बोकड? मग येतोच!” म्हणाल्या. शिवाय जगदेवरावांनी आणखी एक पण केला. तोवर बाजारचं मटण बंद! आता खाईन तर हाताने वाढवलेलं.

पुढच्याच आठवड्यात ते कन्नौदच्या हाटात गेले. तांबूस रंगाचा, एक कान पांढरा असलेला एक सहा-सात महिन्यांचा बोकड खुंटीला बांधलेला होता, आणि दोन खाटीक त्याच्या पाठीवरून हात फिरवत मालकाशी घासाघीस करत होते. जगदेवराव मधे घुसले आणि “हा माझा!” म्हणाले. मालकाने दावं त्यांच्या हातात दिलं. खाटीक हसले. जगदेवरावांना ते हसणं काही आवडलं नाही.

बोकड गाडीच्या मागच्या सीटवर बसून आला. वाटेत त्याने विम्याचे कागद खाल्ले. देवासात शिरताना सिग्नलला गाडी थांबली, तर त्याने खिडकीतून दाढीवालं तोंड बाहेर काढलं. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, “भिया, दादाजी को कां ले जा रिये हो?”

घरी आल्याआल्या जगदेवरावांनी नियम सांगितले. नाव ठेवायचं नाही. गोंजारायचं नाही. घरात घ्यायचं नाही. “हे काही खेळणं नाही. हे खाणं आहे!”

पहिला नियम चौथ्या दिवशी ढिला पडला. जगदेवराव त्याला “अरे” म्हणून हाक मारत. बोकड “अरे” म्हटलं की कान टवकारून धावत येऊ लागला. “हे नाव नव्हे,” जगदेवरावांनी खुलासा केला. “अरे म्हणजे अरे!” मग तीन दिवस पावसाची झड लागली आणि बोकड अंगणातल्या शेडमध्ये असा ओरडला, की त्याला व्हरांड्यात घ्यावं लागलं. “व्हरांडा म्हणजे काही घर नव्हे. भिजला तर वजन उतरेल!” पुढे त्याचं पोट बिघडलं, तेव्हा जगदेवरावांनी डॉक्टरला घरी बोलावलं, औषध स्वतः पाजलं आणि अख्खी दुपार त्याच्या पोटावर हात ठेवून बसून राहिले. माधवीने चहा आणून दिला, तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, “हळू! आत्ता झोपलाय.”

“मला ताप आला होता तेव्हा तुम्ही क्रिकेट बघत होतात,” माधवी म्हणाली.

“तुझ्या वजनाचा प्रश्न नव्हता!”

बोकडाला पाय मोकळे करायला हवेत म्हणून ते रोज सकाळी त्याला दोरी लावून कॉलनीच्या बागेपर्यंत नेऊ लागले, आणि खरं नाट्य तिथे सुरू झालं.

बागेसमोर उमाशंकर गुरुजी राहत. निवृत्त संस्कृत शिक्षक, अंगाने काडी, स्वभावाने लोणी. कॉलनीच्या प्राणिमित्र मंडळाचे अध्यक्षही तेच. मंडळात एकूण पाच माणसं होती. उन्हाळ्यात पाखरांसाठी पाण्याची मातीची भांडी ठेवायची, एवढंच त्यांचं काम. जगदेवरावांना बोकडासह पाहून गुरुजी फाटकाशी आले.

“कुठून आणलात हा?”

“कन्नौदच्या हाटातून.”

“तिथे तर कसाई घेतात हो!”

“होते ना. दोन उभेच होते. मी मधे पडलो.”

आता ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं! पण गुरुजींचे डोळे भरून आले.

“जगदेवराव, आपण? आणि मग आपलं ते... रविवारचं?”

“बंद केलंय,” जगदेवराव म्हणाले. हेही खरंच होतं.

“घरातही?”

“ऋजुता तर दोन महिने आधीपासूनच शिवत नाही.”

गुरुजींनी बोकडाच्या पांढऱ्या कानाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. दुसऱ्या दिवसापासून ते रोज पपईच्या साली आणि मेथीचे देठ घेऊन फाटकाशी उभे राहू लागले. जगदेवरावांना वाटलं, फुकटचा चारा मिळतोय, खाऊ दे, वजन वाढेल. खुलासा उद्या करू. आणि तो उद्या काही आला नाही. गुरुजींना जराही शंका राहू नये म्हणून की काय, बाजारात बापूभियानेही त्यांना सांगून टाकलं, “रावसाब तो दो महीने से दुकान पे नी आए. भगवान जाने कई हुयो!”

नवरात्र बसलं आणि ऋजुता मोबाइल नाचवत घरात आली.

“बाबा! हे काय आहे?”

कॉलनीच्या ग्रुपवर एक फलक झळकत होता. डावीकडे जगदेवरावांचा फोटो, उजवीकडे बोकडाचा. दोघांच्याही दाढीमिशा व्यवस्थित विंचरलेल्या. खाली लिहिलं होतं : प्राणिमित्र मंडळातर्फे श्री. जगदेवराव यांचा जाहीर सत्कार. नवमी, सकाळी दहा वाजता, बागेत. शाल, श्रीफळ, मानपत्र.

“नवमी?” माधवीच्या हातातली परात खाली आली. “नवमीला एक वाजता धारची चौदा माणसं जेवायला येतायत!”

“आणि अकराला बापूभिया बोकड पकडायला येतोय,” ऋजुता म्हणाली. “बाबा, सांगून टाका.”

“कुणाला?”

“कुणालाही! एकाला तरी!”

जगदेवराव तडक निघाले. गुरुजींच्या घरी पोचले तर गुरुजी मानपत्र लिहीत बसले होते. स्वच्छ, वळणदार अक्षर. “करुणेस वय नसते” अशी सुरुवात. जगदेवरावांनी ते संपूर्ण वाचलं. आयुष्यात त्यांच्याविषयी इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात तर साहेबांनी त्यांचं नावही चुकवलं होतं! त्यांनी चहा घेतला, “करुणेस” मधला एक ऱ्हस्व-दीर्घ तपासला आणि घरी परत आले.

“सांगितलंत?” ऋजुताने विचारलं.

“दहाला सत्कार, अकराला ते. मधे एक तास आहे,” जगदेवराव म्हणाले. “माणसाने वेळेचं नियोजन करावं.”

नवमीची सकाळ उजाडली. जगदेवरावांनी घरातल्या जुन्या तलवारीची पूजा केली, फुलं वाहिली, शेजारी नवा कोयताही ठेवला. मग बोकडाला आंघोळ घातली. बागेत छोटा मांडव होता, सतरंज्या होत्या, माइक होता, पस्तीस-चाळीस माणसं होती. बोकडाला झेंडूचा हार घातला. तो त्याने मानपत्राचं वाचन संपायच्या आत अर्धा खाल्ला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल खांद्यावर आली. जगदेवराव माइकसमोर उभे राहिले आणि काय झालं कोण जाणे, त्यांना आपलंच बोलणं पटत चाललं!

“हा मुका जीव,” ते म्हणाले, “सकाळी माझ्या पावलांचा आवाज ओळखतो. मी जवळ बसल्याशिवाय खात नाही. त्याला पाऊस आवडत नाही. ढगांच्या गडगडाटाला भितो. हे मी पूर्वी कधी... म्हणजे आपण ह्याचा विचारच करत नाही...”

गुरुजी उपरण्याने डोळे टिपत होते. मागे उभी असलेली ऋजुता बापाकडे टक लावून बघत होती. आणि इतक्यात बागेच्या दाराशी दोन गाड्या येऊन थांबल्या. धारची मंडळी पहाटेच निघाली होती!

आत्यासाहेब काठी टेकत उतरल्या. मांडव पाहिला, हार पाहिला, बोकड पाहिला. घरची पूजा अशी थाटात बागेत चाललेली बघून त्यांना अतिशय आनंद झाला. गर्दीतून वाट काढत त्या थेट पुढे आल्या, बोकडाच्या कण्यावरून अंगठा दाबत नेला, मांडी चाचपली आणि जगदेवरावांच्या हातातल्या माइकमध्येच म्हणाल्या,

“वा जगदेव! चौदा-पंधरा किलो सहज पडेल. कापायचा कधी?”

बाग इतकी शांत झाली, की बोकड झेंडू चावतोय ते ऐकू येऊ लागलं.

“कापायचा?” गुरुजी म्हणाले.

जगदेवरावांनी आत्याकडे पाहिलं. गुरुजींकडे पाहिलं. शेवटी ऋजुताकडे पाहिलं. तिने नुसती मान डोलावली. मग त्यांनी माइक तोंडाशी धरला. दणदणीत आवाज कुठे गेला होता देव जाणे.

“गुरुजी, हा मी खायला आणला होता. आज कापायचा होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी एकही शब्द खोटा बोललो नाही, पण खरंही बोललो नाही.”

गुरुजी उठले. त्यांनी जगदेवरावांच्या खांद्यावरची शाल काढली आणि सावकाश घडी घातली. चार घड्या, कडेला कड लावून.

“मी रोज त्याला पपईच्या साली घातल्या हो,” ते म्हणाले.

“म्हणजे तुमचाही हातभार लागला की!” आत्यासाहेब कौतुकाने म्हणाल्या.

गुरुजी घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सव्वाअकराला परसात बापूभिया बाह्या सरसावून उभा होता. धारची चौदा माणसं ओट्यावर दाटीने बसली होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. जगदेवरावांनी कोयता उचलला.

“देखो रावसाब,” बापूभिया समजावून सांगू लागला, “मैं पाँव पकड़ता हूँ. मुंडी ऊपर को लेना. एक हाथ में काम होना चइये. आधा-अधूरा किया तो जनावर को तकलीफ होती है. म्हारे बाप ने पैला सबक योई सिखायो थो.”

जगदेवराव खाली बसले. बोकडाला वाटलं, रोजच्यासारखे बसलेत. त्याने पुढे येऊन हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले. कानामागे खाजवून घ्यायची ही त्याची वेळ होती. जगदेवरावांचा डावा हात आपसूक कानामागे गेला. उजव्या हातात कोयता तसाच होता. एक मिनिट गेलं. दोन गेली.

“कर बाबा,” आत्यासाहेब म्हणाल्या. “पोरं उपाशी आहेत.”

“आत्यासाहेब, ह्याचं पोट ठीक नाहीये,” जगदेवराव म्हणाले. “अख्खा हार खाल्लाय. अशा वेळी...”

“अरे, त्याच्या पोटाची काळजी तुला आता कशाला?”

“तो मैं कर दूँ?” बापूभियाने कोयत्याला हात घातला.

“नाही!”

हा आवाज मात्र असा निघाला, की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकू लागलं. जगदेवराव उभे राहिले. “मी कापणार नाही. कुणीच कापणार नाही. हसा, काय हसायचं ते!”

पण कुणी हसलं नाही. आत्यासाहेबांनी काठीवर हनुवटी टेकवली.

“आमच्या लहानपणी धारला परसात कोंबड्या असत,” त्या म्हणाल्या. “दाणे आम्ही टाकायचो. सणाला आईसाहेब त्यातलीच एक धरायच्या. आम्ही भावंडं रडायचो, आणि मग जेवायचो. रडणंही खरं होतं, भूकही खरी होती. तुमच्या पिढीचं बरं आहे. रडणारे वेगळे, जेवणारे वेगळे.”

ऋजुताने बापाच्या हातातून कोयता काढून घेतला. जगदेवरावांना वाटलं, आता ही म्हणणार, बघा, मी सांगितलं नव्हतं? पण तिचे डोळे ओले होते.

“बाबा, मला दोन महिने भीती वाटत होती,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही खरंच कापाल म्हणून. मग मला खावं लागलं असतं.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही तरी कुठे बोललात!”

एवढं सगळं झालं, तरी चौदा माणसं उपाशी होतीच. माधवीने वाटण वाटून ठेवलं होतं, खोबरं भाजून झालं होतं, आणि धारहून शंभर किलोमीटर आलेल्या पाहुण्यांना नवमीला वरणभात वाढण्याइतकी ती करुणेच्या आहारी गेली नव्हती. “आणा काय आणायचं ते,” एवढंच म्हणून तिने पिशवी पुढे केली. जगदेवराव बापूभियाच्या मोटारसायकलवर मागे बसून दुकानात गेले.

बापूभियाने टांगलेल्या धडातून तुकडे करायला घेतले. जगदेवराव सवयीने स्टुडिओकडे वळले, थांबले, आणि परत फिरून समोर बघत उभे राहिले. सुरी कशी फिरते, हाड कुठे सुटतं, सगळं पाहिलं. मान अवघडली, पण हलवली नाही.

“कुठला होता रे हा?” त्यांनी विचारलं.

“सतवास को. एक अम्मा को थो,” बापूभिया हात न थांबवता म्हणाला. “हाथ से गुड़ खिलाती थी रोज. देते बखत बोली, भिया, शाम को इसको गुड़ की आदत है. मैंने कहा अम्मा, शाम तो... फिर कुछ नी बोला. देना बी पड़ता है न उनको. पाँच किलो करूँ?”

“कर,” जगदेवराव म्हणाले.

घरी परतताना ती पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती. एरवी ते ती स्कूटरच्या हँडलला अडकवत.

दोन वाजता पंगत बसली. माधवीच्या हाताला अशी चव होती, की धारच्या मंडळींनी बोकड, सत्कार, माइक सगळं विसरून तिखटाने नाकं ओढत भाकऱ्या हाणायला सुरुवात केली. ऋजुता आपलं वरणभाताचं ताट घेऊन ओळीतच बसली. खिडकीतून परस दिसत होतं. ऋजुताने गुरुजींना बोकड वाचल्याचा निरोप पाठवला होता, आणि गुरुजी मागच्या दाराने येऊन बोकडाजवळ उकिडवे बसले होते. हातात पपईच्या साली. घराकडे मात्र त्यांनी पाठ केली होती.

माधवी पातेलं घेऊन जगदेवरावांच्या ताटापाशी आली. त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

“नको. मला नको.”

पंगत थांबली. आत्यासाहेबांनी घास तोंडाशीच धरला. ऋजुताने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अभिमानाचं पहिलं हसू उमटत होतं.

“काहीच नको?” माधवीने विचारलं.

मसाल्याचा वास आला. जगदेवरावांनी खिडकीकडे पाहिलं. गुरुजींची पाठ होती. त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“म्हणजे... पीस नको. नुसता रस्सा वाढ.”

“अहो, मग हा रस्सा काय दोडक्याचा आहे?”

जगदेवरावांनी भाकरी कुस्करायला घेतली होती. मान वर न करता ते म्हणाले, “हळू बोल. आणि जरा वरची तर्री येऊ दे.”